परळमधली पेशंटवाली खोली: बाळाची केमो चालू असताना राहून आल्यावरचा रिव्ह्यू

ज्यांना फक्त स्टार बघायचेत त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार. एक कापला तो जिन्यासाठी आणि लाईटबिलाच्या भानगडीसाठी. बिल्डिंगचं आणि मालकीणबाईंचं नाव टाकत नाहीये कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, खोल्या दोनच आहेत आणि लोक रात्री-बेरात्री फोन करत बसतात. मग रिव्ह्यू कशाला, असं कोणी विचारेल. तर पेशंटच्या घरच्यांना भाड्याने देतात अशा खोल्या परळ, लालबाग, शिवडी या भागात गल्लोगल्ली आहेत. केईएम हॉस्पिटल १९२६ चं, लहान मुलांचं वाडिया १९२९ चं, कॅन्सरचं टाटा १९४१ चं, म्हणजे या भागाला पेशंट आणि त्यांच्या पिशव्यांची सवय जवळजवळ शंभर वर्षांची आहे. आणि गावाकडून येणारा माणूस खोली बघताना एकच विचारतो, हॉस्पिटलपासून किती लांब. माझं म्हणणं वेगळं आहे. लहान बाळ घेऊन येत असाल तर अंतर नंतर, आधी ओटा बघा.

थोडं आमच्याबद्दल सांगते म्हणजे कोणत्या नजरेने लिहितेय ते कळेल. आम्ही परभणीचे. बाळ नऊ महिन्यांचं असताना सासूबाई मालिश करत होत्या आणि म्हणाल्या, "अगं, उजव्या अंगाला पोट टणक लागायलंय लेकराचं." गॅस असेल म्हणून ओवा-हिंग झालं, मग सोनोग्राफी, मग सीटी, मग मुंबई. हेपॅटोब्लास्टोमा, म्हणजे लिव्हरचा कॅन्सर, जो मुख्यतः तीन वर्षांच्या आतल्या पोरांनाच होतो. आई काय खायची, वडिलांना काय व्यसन, असले प्रश्न नातेवाइकांनी भरपूर विचारले, बहुतेक वेळा नेमकं कारण सांगताच येत नाही, इतकं लिहून तो विषय संपवते. ट्रीटमेंट अशी ठरली की आधी केमोचे चार राउंड, दर तीन आठवड्यांनी एक, मग ऑपरेशन करून लिव्हरचा तेवढा भाग काढायचा आणि नंतर परत दोन राउंड. म्हणजे मे महिन्यात आलो ते दिवाळीच्या तोंडापर्यंत मुंबईतच. प्रत्येक राउंडनंतर परभणीला जाऊन येता येईल असं सुरुवातीला वाटलं होतं. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो. पण केमोनंतर साधारण आठवड्याभराने काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, खाली जातात आणि त्या अवस्थेतलं बाळ देवगिरी एक्सप्रेसच्या गर्दीत घेऊन बसायची आमची हिंमत झाली नाही.

पहिले काही दिवस स्टेशनजवळच्या एका लॉजवर काढले. एसी होता, लिफ्ट होती, चादरी पांढऱ्याशुभ्र. पण खोलीत केटलसुद्धा लावायची नाही असा नियम, आणि आमच्यासाठी तिथेच सगळं अडलं. बाळाला बाहेरचं काही चालत नाही, कापलेली फळं नाहीत, गाडीवरचा रस तर नाहीच, पाणी उकळून गार केलेलं, वाटी-चमचा उकळून घेतलेला. वरचं खाणं नुकतंच सुरू झालेलं आणि बाकी माझं दूध, म्हणजे मलाही नीट जेवायला हवं. खाली हॉटेलात इडली आणि पुरीभाजी. सासूबाईंनी आयुष्यात इतके दिवस सलग परक्या हातचं खाल्लं नव्हतं, त्या दिवसभर पलंगाच्या कडेला माळ घेऊन बसायच्या आणि डोळे पुसायच्या. आमचे हे लॉजच्या मॅनेजरशी भांडायचे आणि मी ह्यांच्याशी. एका खोलीत तीन मोठी माणसं आणि एक आजारी बाळ, आणि कुणाच्याच हाताला काम नाही, हे किती वाईट असतं ते तिथे कळलं.

मग ही खोली मिळाली, वॉर्डमध्ये शेजारच्या बेडवर कणकवलीकडची एक आई होती तिच्या ओळखीतून. तिसरा मजला, जुनी बिल्डिंग. आत दहा बाय बाराची खोली, त्यालाच लागून कडाप्प्याचा ओटा, दोन बर्नरची शेगडी, वर लाकडी फळी, खाली सिलिंडर, बाजूला मोरी. संडास आतच, हे फार महत्त्वाचं, कॉमन संडासवाली खोली कितीही स्वस्त मिळाली तरी केमोवाल्या बाळासाठी घेऊ नका. फरशीच्या दोन लाद्या हलतात, भिंतीला ओल आहे, म्हणजे फोटो काढून टाकण्यासारखी खोली अजिबात नाही. पण सासूबाईंनी आल्या आल्या ओटा लिंबाच्या सालीने घासला, शेगडीला हळदकुंकू लावलं, आणि मला म्हणाल्या, बाळाची नाचणी कुठल्या पिशवीत आहे. तेव्हापासून त्यांची माळ फक्त संध्याकाळी निघायची. घर म्हणजे काय वगैरे मी लिहीत बसत नाही, पण ओटा मिळाल्यावर आमच्यात कोण काय करणार हे आपोआप ठरलं आणि भांडणं निम्म्यावर आली.

पाणी पहाटे साडेचारला येतं आणि सहाच्या सुमारास जातं. पिंप मोठं आहे. तेवढ्या वेळात पिण्याचं भरायचं, गाळायचं, मोठ्या पातेल्यात खळखळ उकळायचं, स्टीलच्या कळशीत झाकून ठेवायचं. मग बाळाचं आधी, मोठ्यांचं नंतर. नाचणीचं सत्त्व, मऊ भात, मुगाच्या डाळीचं पाणी, उकडलेला बटाटा, पिकलेलं केळ आपण स्वतः सोलून. हॉस्पिटलमध्ये कडल्स फाउंडेशनच्या न्यूट्रिशनिस्ट असतात, त्यांनी बाळाचं वजन बघून काय, किती, कशात तूप घालायचं हे सगळं सांगितलं, पण सांगितलेलं करायला ओटा लागतो हो. कागदावर कितीही लिहून दिलं तरी लॉजच्या खोलीत डाळ शिजत नाही.

आता वासाचा मुद्दा, हा कुणी सांगत नाही. ओटा आणि पलंग एकाच खोलीत, मध्ये दार नाही. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध झाल्यावर बाळाला उलट्यांचा इतका त्रास व्हायचा की फोडणीचा वास आला की संपलंच. उलटीचं औषध असतंच, पण चार दिवस खोलीत लसूण तळायची सोय नाही. तेव्हा मालकीण मावशी म्हणाल्या, माझ्याकडे येऊन फोडणी टाका आणि पातेलं घेऊन जा. मग त्या दिवसांत सासूबाई पॅसेजमधून फोडणीचं पातेलं पदराने धरून आणायच्या. मावशी मालवणी, आम्ही मराठवाड्याचे, त्यांच्या घरात सुरमई आणि आमच्या सासूबाई माळकरी, तरी हे जमलं. पहिल्या दिवशी सासूबाई त्यांच्या ओट्यावर स्वतःची कढई घेऊन गेल्या, मावशींनी काही न बोलता एक बर्नर पुसून दिला.

फ्रीज पॅसेजमध्ये, दोन्ही खोल्यांना आणि मावशींना मिळून एकच. इथे जरा भीती होती कारण केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं असतात, ती २ ते ८ डिग्रीत ठेवायची, फ्रीजरला लागून ठेवली आणि गोठली तर वाया, दारात ठेवली तर उघडझापीने गरम होतात. मी एका स्टीलच्या डब्यात मधल्या कप्प्यात ठेवायचे, डब्यावर कागद चिकटवला 'बाळाचं औषध'. मावशींनी त्या कप्प्यातून मासे कायमचे खाली हलवले. तुम्ही खोली बघायला जाल तेव्हा फ्रीज आहे का एवढंच विचारू नका, उघडून बघा, हात घालून बघा, आणि लाईट गेल्यावर किती वेळ येत नाही तेही विचारा.

भाडं दिवसाला ७०० आणि महिन्याचं एकदम दिलं तर १८,०००. या भागात हे फार नाही आणि कमीही नाही. फुकट किंवा नाममात्र पैशात राहायचे पर्याय आहेत, ते आधी बघा असं मी स्वतः सांगेन. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे, आणि लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड्सची सेंटर आहेत जिथे हॉस्पिटलकडूनच पाठवतात, आपण थेट जाऊन खोली मागायची नसते. म्हणून पहिल्या दिवशी फाईल काढली की सोशल वर्करकडे जा. टाटामध्ये लहान मुलांच्या विभागासाठी इम्पॅक्ट फाउंडेशन आहे, राहणं, खाणं, पैसे, रक्त सगळ्याबद्दल ते बोलतात. आम्ही खोली घेतली कारण सासूबाईंना गुडघ्यांमुळे आणि मला बाळामुळे आपला आपला कोपरा हवा होता, आणि तेव्हा ह्यांच्या दुकानाचे चार पैसे हातात होते.

लाईटबिल मात्र वेगळं. सबमीटर लावलाय आणि युनिटला १२ रुपये घेतात, बेस्टचं बिल कधी दाखवलं नाही, मागितलं तर "दाखवतंय गो" म्हणतात आणि विषय माशांवर जातो. जूनपर्यंत काही वाटलं नाही. पण पावसाळ्यात बाळाची दुपटी, लंगोट, झबली काही म्हणता काही वाळेना. ओलसर कपडा बाळाला घालायचा नाही, त्यामुळे प्रत्येक दुपटं इस्त्री करून वाळवायचं. आधी उलट बाजूने, वाफ निघेपर्यंत, मग सुलट, मग दोरीवर पंख्याखाली, मग परत एकदा शिवणीवरून कारण शिवण शेवटपर्यंत ओली राहते. आणि केमोनंतरचे दोन दिवस शी-शूमधून औषध बाहेर पडतं म्हणून डायपर बदलताना ग्लोव्ह्ज घालायचे आणि ते कपडे वेगळे धुवायचे. लाल औषध असतं ना, डॉक्सोरुबिसिन, त्याने शूसुद्धा लालसर होते, कुणी आधी सांगितलं नसेल तर रक्त समजून पोटात गोळाच येतो, घाबरू नका, पण डॉक्टरांना विचारा. तर दुपट्यांचा हा कारभार आणि इस्त्रीचे युनिट, जुलैचं लाईटबिल बघून आमचे हे फोनवर जवळजवळ पाच मिनिटं गप्प होते.

हे फोनवर, कारण ते जूनमध्ये परत गेले. आमचं बी-बियाणांचं दुकान आहे, पेरणीच्या दिवसांत बंद ठेवलं तर वर्षाचं गणित बसत नाही, आणि उधारी वसूल करायची तर दुकानात माणूस दिसावा लागतो. योजनेतून हॉस्पिटलचा मोठा भाग निघाला, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण बाळाचं नाव रेशन कार्डावर नव्हतं, जन्मदाखला आणि कागदांसाठी परभणीत ह्यांचे हेलपाटे झाले. ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांनी आजारपणाची वाट न बघता हे काम करून टाका. आणि योजना खोलीचं भाडं देत नाही, टॅक्सी देत नाही, इस्त्री तर नाहीच. तर पेरणीपासून राखी पौर्णिमेपर्यंत या खोलीत आम्ही सासू-सून आणि बाळ. लग्नाला आठ वर्षं झाली पण आम्ही दोघी इतक्या जवळ कधी राहिलो नव्हतो, आणि सगळं गोड होतं असं अजिबात नाही. त्यांना बाळाच्या पायात काळा दोरा हवा होता, मला नको होता कारण ओला राहून कातडी लाल होते. शेवटी दोरा पाळण्याला बांधला.

जिन्याबद्दल आता. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पायऱ्या उंच आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बल्ब नाही. दिवसा चालतं. पण केमोवाल्या बाळाला १००.४ ताप आला की सकाळची वाट बघायची नसते, काउंट कमी असताना ताप म्हणजे इमर्जन्सी, लगेच अँटिबायोटिक सुरू व्हायला लागतं, घरी पॅरासिटामॉल देऊन बघू हा प्रकार नाही. जुलैमध्ये रात्री दोनला काखेतलं थर्मामीटर १०१ दाखवत होतं, बाहेर धो धो, हिंदमाताला पाणी भरलेलं, ॲपवर गाडी नाही आणि काळ्यापिवळ्यावाला एवढ्या जवळ यायला तयार नाही. मी बाळाला पोटाशी बांधलं, सासूबाई मोबाईलच्या उजेडात एकेक पायरी बसत बसत उतरल्या, खाली मावशींचा भाचा मोठी छत्री घेऊन उभा होता आणि आम्ही चालत गेलो. इथे अंतराचा मुद्दा मी मान्य करते, चालत जाता येतं याला किंमत आहे. पण लक्षात घ्या, ते पंधरा मिनिटांच्या आत असलं की पुरे. दोन मिनिटांवरची ओटा नसलेली खोली आणि बारा मिनिटांवरची ओटा असलेली खोली यात मी दुसरी घेईन, फक्त तळमजला किंवा पहिला मजला मागेन. बल्ब मावशींनी दुसऱ्या दिवशी लावला. तो आधी का नव्हता, म्हणून स्टार कापलाच.

मावशींचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो पाहुण्यांच्या बाबतीत. आपल्याकडे कोणी आजारी म्हटलं की बघायला यायचंच असतं, ठाण्याहून, कल्याणहून, पनवेलहून लांबचे लांबचे सगळे आले, हातात बिस्किटाचे पुडे आणि शिंकत. आपण सुनेने नको कसं म्हणायचं, सासूबाईंनाही जड जायचं. मावशींचा नियम होता की खोलीत बाहेरची दोनच माणसं आणि तीही हात धुऊन, मास्क लावून, बाळाला हात न लावता, आणि सर्दी असेल तर जिन्यातूनच नमस्कार. त्या स्वतः दारात स्टूल टाकून बसायच्या. ह्यांच्या एका मामांना त्यांनी खालूनच परत पाठवलं, मामा अजून रागावलेत, आम्हाला कुणाला काही बोलावं लागलं नाही. अशी मालकीण मिळाली तर भाड्यात घासाघीस करू नका.

बाकी मावशींचे सल्ले ऐकून सोडून द्यायचे. कुठल्याशा वैद्याचं चूर्ण, गोमूत्र, गुळवेल, सगळं सुचवून झालं. केमो चालू असताना डॉक्टरांना न विचारता पोटात काहीही द्यायचं नाही, लिव्हरच्या केसमध्ये तर नाहीच. अंगारा मात्र त्या रोज आणायच्या, तो सासूबाई खिडकीच्या चौकटीला लावायच्या, म्हणून त्याचा स्टार कापला नाही. आणि पोलिओचा रविवार आला तेव्हा डोस पाजणाऱ्या ताई वर आल्या, त्यांना मावशीच भिडल्या. केमो चालू असताना तोंडावाटेची पोलिओची लस, म्हणजे जिवंत लस, बाळाला द्यायची नसते आणि घरातल्या दुसऱ्या मुलांनाही तोंडावाटे न देता इंजेक्शनवाली देतात. त्या ताई त्यांचं काम करत होत्या, फाईल दाखवली, त्यांनी नोंद केली, झालं. फाईल दाराजवळच ठेवा.

थोरली परभणीला माझ्या जावेकडे होती. पहिलीत आहे. संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल, आणि या खोलीत रेंज फक्त खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात येते, वायफाय नाही, त्यामुळे तो कोपरा तिचाच. ती रोज आधी बाळाला बघायची, मग मला विचारायची की त्याला केस कधी येणार. राखीला ह्यांच्याबरोबर तिला आणायचं ठरलं होतं, तिकीट झालं होतं, आणि तिच्या वर्गात कांजिण्या निघाल्या. तिला काही नव्हतं, पण संपर्क झाला म्हणजे येऊ शकतात आणि काउंट कमी असलेल्या बाळाला कांजिण्या म्हणजे फार मोठं संकट, डॉक्टरांनी नाही सांगितलं. तिने राखी पाठवली ती ह्यांनी आणली. तिची समजूत जावेने कशी काढली मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

केसांवरून आठवलं. जावळ काढायचं राहिलंच होतं, तुळजापूरला काढायचा सासूबाईंचा नवस होता, आणि दुसऱ्या राउंडच्या आधीच दुपट्यावर पुंजके यायला लागले. सासूबाईंना औषधापेक्षा त्याचाच घोर, हे जावळ धरायचं की नाही. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "देवाक सगळा चलता गो बाय, नवीन येतीत ती दी." यावर सासूबाईंचं समाधान झालं, माझ्या सांगण्याने झालं नसतं.

ओट्याचा एक फायदा मला आधी सुचलाच नसता. सिस्प्लॅटिनने कानावर परिणाम होऊ शकतो, म्हणून मध्ये मध्ये कानाची तपासणी करतात, बाळ झोपवून, डोक्याला वायरी लावून. पण दोन तपासण्यांच्या मध्ये आईचा जीव कुठे थांबतो. सासूबाई कुकर लावला की बाळाला ओट्याकडे पाठ करून मांडीवर बसवायच्या आणि शिट्टी झाली की तोंडाकडे बघायच्या, वळलं का. वळलं की म्हणायच्या, ऐकतंय माझं लेकरू. खरी तपासणी मशीनवरच होते आणि उंच पट्टीच्या आवाजाचं ऐकू येणं आधी कमी होतं, ते शिट्टीवरून कळत नाही, हे मला माहीत होतं, तरी मी पण बघायचेच.

एएफपी म्हणून रक्ताची एक तपासणी असते, या आजारात तो आकडा बहुतेक मुलांमध्ये खूप वाढलेला असतो आणि औषध लागू पडलं की उतरत जातो. आमचा लाखांत होता. रिपोर्टच्या दिवशी जिन्यात पाय वाजला की मावशी विचारायच्या, "आकडो किती झालो?" समोरच्या खोलीतल्या बिहारच्या काकांनाही आमचा आकडा पाठ होता. लाखातून हजारात आला त्या दिवशी मावशींनी शिरा केला. बाळाने एक चमचा खाल्ला आणि ठेवला.

ऑपरेशन गणपतीच्या दिवसांत आलं. लालबाग-परळमध्ये गणपतीत राहणार असाल तर आधीच माहिती ठेवा, राजाच्या रांगा, मंडप, बॅरिकेड, टॅक्सी आत येत नाही, ढोल रात्रीपर्यंत. हॉस्पिटलला जायची मागची गल्ली मावशींनी आधीच दाखवून ठेवली होती. आणि त्या स्वतः कणकवलीला गेल्या, मालवणी माणूस गणपतीला मुंबईत थांबत नाही, पण जाताना आख्ख्या स्वयंपाकघराची चावी सासूबाईंकडे देऊन गेल्या. बाळ आयसीयूत, मी आणि हे हॉस्पिटलच्या बाकड्यावर आळीपाळीने, आणि सासूबाई दोन वेळचा डबा. त्यांनी मावशींच्या देव्हाऱ्यात आमचा म्हणून एक छोटा शाडूचा गणपती दीड दिवस बसवला. लिव्हरचा बराच भाग काढला तरी उरलेलं परत वाढतं, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं, तोच कागद त्यांनी गणपतीसमोर ठेवला.

ऍडमिट असताना खोली रिकामी राहते त्या दिवसांचं भाडं कसं, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या. आमच्याकडून रिकाम्या दिवसांचं निम्मं घेतलं, ते मी तोंडी ठरवलं होतं, तुम्ही मेसेजवर लिहून घ्या. पावती मिळत नाही, त्यामुळे ज्यांना एखाद्या ट्रस्टकडे राहण्याच्या खर्चाचे कागद द्यायचे असतील त्यांनी इथे घेऊ नये. ज्यांच्यासोबतचं माणूस जिना चढू शकत नाही त्यांनीही नको. एकटी आई आणि बाळ असेल तर लॉजपेक्षा कितीतरी बरं. दोन-तीन दिवसांच्या तपासणीसाठी येणाऱ्यांना ओट्याचं काही पडलेलं नसतं, त्यांनी सरळ लॉज बघावा. शेगडीचा डावा बर्नर मंद होत नाही, नाचणी करपते, उजवा वापरा. ढेकूण नाहीत, मी गाद्या उलट्या करून बघितल्या. झुरळं आहेत, मुंबईत कुठे नाहीत.

शेवटचा राउंड झाला, आकडा नॉर्मलच्या जवळ आलाय, आता तपासणीला यायचं आहे आणि तेव्हाही हीच खोली रिकामी असेल तर घेऊ. डिपॉझिट ५,००० होतं, सोडताना त्याच दिवशी परत मिळालं, फक्त मोरीच्या नळाची चावी तुटली म्हणून १५० कापले. सासूबाईंचं म्हणणं आहे की ती आम्ही आलो तेव्हापासूनच ढिली होती.